बारा नंबरची खाट

"पण सर, याहून थेट कोण लिहून दाखवेल?"

शार्दूलला खुर्चीत बसवत नव्हतं. मिरजेतल्या एका रुग्णालयासाठी त्यानं जावा या संगणकभाषेत लिहिलेला हा पहिलाच खरा प्रोग्रॅम. अकरा वाजता मोठ्या डॉक्टरांसमोर चालवायचा होता.

मुजावर सर स्क्रीनकडे बघत राहिले. गेली दोन वर्षं ते त्याला जावा शिकवत होते.

"वाच."

"रुग्णालय, टिंब, वॉर्ड, टिंब, खाट, टिंब, रुग्ण, टिंब, रक्तगट! एकात एक ऑब्जेक्ट, आणि एका ओळीत मी पार तळाशी!"

"बारा नंबरच्या खाटेचं विचारून बघ."

त्यानं बटण दाबलं. स्क्रीन लाल झाली. प्रोग्रॅम आडवा.

"खाट रिकामी असेल," शार्दूल पुटपुटला. "त्यात माझी काय चूक?"

सर उठले. "चल."

वॉर्ड त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होता. दारातच सर थांबले. "बारा नंबरच्या पेशंटचा रक्तगट घेऊन ये."

शार्दूल तडक खाटेपाशी गेला. चादर ताणलेली, उशी थंड. तो परत आला.

"कोणीच नाही, सर."

सरांनी नुसती हनुवटीनं खूण केली. दाराशेजारी टेबल होतं. तिथं फिलोमिना सिस्टर गोळ्या मोजत होत्या. शार्दूल त्यांच्या समोरूनच आत गेला होता.

"सिस्टर... बारा नंबर?"

त्यांनी मानही वर केली नाही. "कोळेकर आजी. एक्स-रेला नेल्यात. ओ निगेटिव्ह."

शार्दूल एकदम ओरडला, "मी खाटेला विचारत होतो!"

"हळू," सिस्टर म्हणाल्या. "वॉर्ड आहे हा."

पण तो जिन्यावर पोचलासुद्धा होता. दोन दोन पायऱ्या उतरत खाली आला आणि ती लाडकी ओळ त्यानं पुसून टाकली. आपल्या पेशंटची नोंद ठेवणं आता वॉर्डच्या क्लासचं, म्हणजे प्रोग्रॅममधल्या वॉर्डच्या भागाचं काम. रक्तगटही तोच सांगणार. बोटं चुकत होती, तो हसत होता.

सर धापा टाकत आले तेव्हा स्क्रीनवर उत्तर होतं... ओ निगेटिव्ह.

अकराला दहा कमी होते.

"सर, चाललं! आणि गंमत बघा, माझ्या ओळीला आता खाट माहीत नाही, रुग्ण माहीत नाही, काही म्हणजे काहीच माहीत नाही!"

"काहीच नाही?"

"म्हणजे... रुग्णालयात वॉर्ड असतात, एवढंच."

मुजावर सरांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"तेही काढ. रुग्णालयालाच विचार."