तोंड मिटलेल्यांची वस्ती

ही गोष्ट लिहायची माझी मुळीच इच्छा नव्हती. वाचनालयाच्या बाई तीनदा आल्या, तीनदा चहा पिऊन गेल्या आणि "आजोबा, तुमच्याच शब्दांत लिहा" म्हणत कोरे कागद टाकून गेल्या. माझे शब्द चौथीपर्यंतचे आहेत. त्यात बसेल तेवढी घ्या.

समुद्राच्या पार तळाशी एक राज्य होतं. तिथे ऊन कधी पोचलंच नाही, त्यामुळे हिरवं काही उगवलं नाही. खडकात एक भेग होती, भेगेवर दगडाचंच धुराडं उभं होतं, आणि त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचं कढत पाणी सारखं वर येई. त्या घाण पाण्यावर सगळं राज्य जगत होतं.

धुराड्याला चिकटून नळकर राहत. लांब पांढरी नळी, आत मऊ अंग, वर तांबडा तुरा. नळकरांना तोंड नव्हतं. आतडी नव्हती. त्यांच्या अंगात बिऱ्हाडकरू राहत, डोळ्याला न दिसणारे, एकेकाच्या अंगात कोट्यवधी. नळकराने तुऱ्याने ते पाणी ओढून आत द्यायचं, बिऱ्हाडकरूंनी त्यातून अन्न रांधायचं आणि दोघांनी जगायचं. शोधायला नको, चावायला नको, जागचं उठायलासुद्धा नको.

प्रत्येक जिवाच्या आत वाडवडिलांनी शिवलेली एक गोधडी असते. एक ठिगळ तोंड कसं करायचं याचं, एक पोहायचं कसं याचं, एक विष कसं सोसायचं याचं. नळकरांनी विषाचं ठिगळ दुहेरी, तिहेरी शिवून घेतलं होतं. दुसरा कुणी मरेल असं पाणी ते रक्तात घालून हिंडवत. तोंडाचं ठिगळ मात्र इतकं विरलं होतं की लहानपणी थोडे दिवस पुरे, मग संपे. कुणी मुद्दाम फाडलं नव्हतं. अंगावर घेतली नाही की गोधडी विरतेच.

म्हणून नळकराचं पोर तोंड घेऊन जन्मे, पोहत येई, धुराड्यापाशी जागा धरी. बिऱ्हाडकरू त्याच्या कातडीतून आत शिरत आणि काही दिवसांत तोंड मिटे. त्या दिवशी वस्ती सगळे तुरे बाहेर काढी. नळकर बोलत ते तुरा हलवूनच. सगळ्यात उंच नळी थोरल्या अण्णांची. अण्णा विचारत, "भूक लागली तर काय करशील?" पोराने म्हणायचं, "आता भूक लागत नाही." मग सगळे डोलत. वेगळं उत्तर कधी आलं नव्हतं. तोंड मिटल्यावर ते सुचतही नसावं.

इवली आली तेव्हा अण्णा फार खूश झाले. बऱ्याच काळात नवं कुणी आलं नव्हतं. तिने तांबड्या मावशीच्या शेजारी जागा धरली. बूड दगडाला चिकटवलं, बिऱ्हाडकरू आत यायला लागले, नळीचा पहिला वेढाही धरला. तोंड अजून उघडं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "पाणी सपक लागतंय."

"सपक म्हणजे कसं गं?"

मावशी थट्टा करत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं.

"मी लांबून येत होते तेव्हा या पाण्याने तोंड पोळत होतं. आता जवळ बसलेय तर काहीच लागत नाही. धुराडं विझायला लागलंय का?"

हे अण्णांच्या तुऱ्यापर्यंत गेलं. अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असे हलले. "घ्या! कालचं पोर आपल्याला धुराड्याची चव सांगतंय. माझा आजा इथे उभा होता, बाप उभा होता, मी उभा आहे. सांगा, कुणाला पाणी सपक लागतंय?"

कुणाला लागणार? सगळे म्हणाले, "नाही बुवा." खोटं बोलत नव्हते बिचारे.

पलीकडे शिंपल्याबाई होत्या. त्यांचे बिऱ्हाडकरू आईच्या अंड्यातूनच लेकीला मिळत, कधी बाहेर पडतच नसत. त्यामुळे त्या बिऱ्हाडकरूंची गोधडी झिजून रुमालाएवढी उरली होती. ना ते बाईला सोडू शकत, ना बाई त्यांना. इवलीचं ऐकून शिंपल्याबाईंनी झाकण ओढून घेतलं. "आमच्या घरात असले विषय नकोत," एवढंच म्हणाल्या.

बोलला तो केसाळ खेकडा. त्याचं बिऱ्हाड अंगाबाहेर होतं, हाताच्या केसांत. तो दिवसभर हात हलवून त्यांना पाणी घाली आणि पीक आलं की केस विंचरून खाई.

"अण्णा, पोरगी खरं बोलतेय. हात हलवून हलवून खांदे गेले माझे. पीकच धरत नाही. मी निघालो."

"नीघ की. तुला ना घर ना दार. केस चाटून जगणारा तू!"

"चाटतो खरा," खेकडा म्हणाला. "चाटायला तोंड आहे अजून."

आणि तिरका तिरका निघून गेला. वस्ती खूप हसली. हसताना काही तुरे नीट वर आले नाहीत, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

मावशीने मात्र घेतलं. तिचा तुरा गेले कित्येक दिवस जड झाला होता. वय झालं असं ती समजत होती. आता तिने आयुष्यात पहिल्यांदा अंगातल्या बिऱ्हाडकरूंना हाक मारली.

"काय रे, धुराडं विझलं तर तुमचं काय होईल?"

"आमचं काय व्हायचंय, मावशी? बाहेरून आलो, बाहेर जाऊ. पोहायचं ठिगळ आहे, एकट्याने रांधायचं आहे. आम्ही आमची गोधडी कधी उसवली नाही. घडी घालून ठेवलीय."

"इतकी वर्षं माझ्यात राहिलात. कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत."

त्यात त्यांचा राग नव्हता, कपट नव्हतं. त्यामुळे मावशीला भांडताही येईना. ती नुसती दमून गेली.

इवलीचं तोंड निम्मं मिटलं तसा अण्णांनी घाई करून विधी ठरवला. एरवी पुरतं मिटेपर्यंत थांबत. या वेळी थांबले नाहीत. सगळे तुरे बाहेर आले, निम्मे फिकट.

"भूक लागली तर काय करशील?" अण्णांनी विचारलं.

उरलेल्या फटीतून इवली म्हणाली, "लागलीय."

डोलायला निघालेले तुरे अर्ध्यावरच थांबले.

"काय म्हणालीस?"

"भूक लागलीय. आत्ताच. तुम्हा सगळ्यांना लागली असेल, तुम्हाला कळत नाहीये."

"तुरे हलवा!" अण्णा ओरडले. "जोरात हलवा! काही ऐकू येता कामा नये!"

हजार तुरे एकदम हलले. पाणी इतकं घुसळलं की पोरीचं बोलणं तिच्या ओठांपाशीच फाटून गेलं. त्या घुसळणीत ज्यांच्या अंगात जेमतेम धुगधुगी होती तेही हलत होते, असेल नसेल तेवढी ताकद लावून.

एकट्या मावशीने तुरा आत ओढून घेतला. गर्दीत तेवढी एक जागा मोकळी झाली आणि तिथून थंड प्रवाहाची एक पट्टी आत आली. मावशी नळीच्या आतच तुरा हलवून अगदी हळू म्हणाली, "पोरी, तोंड आहे तोवर नीघ. हा प्रवाह धर."

"माझं बूड चिकटलंय, मावशी."

"तोड."

"दुखेल."

"दुखेल. तोड."

"आणि तुम्ही?"

"मी कशाने येऊ? काय उरलंय माझ्याजवळ? बोलत बसू नकोस, तोंड मिटतंय तुझं."

इवलीने अंग पिळलं. नळीचा पहिला वेढा कातडीसकट दगडावर राहिला. ती प्रवाहात गेली, उलटीपालटी होत. वस्तीला वाटलं, पोरगी अखेर गप्प बसली. सगळे समाधानाने डोलले.

ती कुठे पोचली का, मला ठाऊक नाही. दुसरं धुराडं लांब असतं, आणि ते सापडलं तरी तिथेही तोंड मिटावंच लागतं. त्याला इलाज नाही. पण निदान कढत पाण्यापाशी मिटलं असेल.

इकडे धुराडं एका दिवसात विझलं नाही. हळूहळू कोमट झालं, मग गार. भुकेने मरतोय हे कुणालाच कळलं नाही. अण्णा शेवटपर्यंत म्हणत होते की आज जरा आळस आलाय. एकेक तुरा आत गेला तो परत वर आला नाही. शिंपल्याबाई आपल्या बिऱ्हाडकरूंना पोटाशी धरून तशाच राहिल्या. आणि नळ्यांच्या तोंडाशी धुरासारखं काही दिसायला लागलं. बिऱ्हाडकरू आपापल्या गोधड्या घेऊन बाहेर पडत होते. मावशीच्या नळीतून निघालेले थोडे घुटमळले म्हणतात. मग तेही गेले.

आता तिथे नुसत्या नळ्या उभ्या आहेत, रांगेने, पांढऱ्या, आत कुणी नाही. वरची गोल भोकं उघडी आहेत. लांबून पाहिलं तर वाटतं, सगळ्या वस्तीने एकदम तोंड उघडलंय.

आमच्या कारखान्याच्या भर सभेत मी तोट्याचं विचारलं तेव्हा माझ्या हातून माईक काढून घेणारा हिंदुराव डुबल अजून माफी मागायला आलेला नाही. घर त्याला ठाऊक आहे.