विहिरीवरचं घरटं

वारासुद्धा झाडांना विचारून वाहायचा, त्या काळची गोष्ट. विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. पिवळ्या हा त्यांचा मुख्य विणकर. त्याने ताडाच्या तंतूंचं नवं घरटं विणलं, धुक्यासारखं हलकं, आणि फर्मान काढलं, "यापुढे सगळ्यांनी असंच विणायचं!"

पण एकही मादी त्यात पाऊल टाकीना. पिवळ्या वैतागला. "नवं काही यांच्या पचनीच पडत नाही!"

"तुम्ही कधी आत बसलात का हो?" भुरी नावाच्या मादीने विचारलं. तिची अंडी घालायची वेळ जवळ आली होती.

पिवळ्या तोऱ्यात आत शिरला. वाऱ्यावर घरटं झुलू लागलं, तशी त्याला गुंगी आली. झोपेतच तो घरंगळला आणि दाराशी येऊन अडकला. डोळे उघडले तर खाली विहिरीचं हिरवं पाणी चमकत होतं. त्याच्या मनात आलं, माझ्या जागी अंडं असतं तर?

त्याने चोचीने ओला चिखल आणला, आत लिंपला आणि पुन्हा जाऊन बसला. आता घरटं जडशीळ, संथ डुलत राहिलं.

भुरीची पिल्लं त्याच घरट्यात मोठी झाली. तुमचा मुख्य विणकर कोणता, असं त्यांना कुणी विचारलं की ती म्हणत, "तो काय, दुसऱ्याच्या अर्धवट घरट्यात बसून वाऱ्याची वाट बघतोय."