एक ते दहा

“महाराज, राज्यातले सगळे जुने संगणक उद्याच फोडून टाका!” यंत्रप्रमुख वज्रदत्त गरजला. दर दसऱ्याला तो नवा संगणक आणी आणि दर दसऱ्याला छाती फुगवून म्हणे, “क्रांती!” यंदा त्याने एक चकचकीत, बोलकं यंत्र दरबारात मांडलं होतं. “यात जुनं म्हणून काही उरलेलंच नाही!”

“थाप!” मागून आवाज आला.

ती सगुणा होती. मोडके संगणक दुरुस्त करून ती वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना देत असे. फोडाफोड झाली, तर त्या शाळांत एकही संगणक उरणार नव्हता.

हट्टी राजा धैर्यसेनाच्या भुवया चढल्या. “मग यातली एक तरी जुनी गोष्ट दाखव! पण यंत्र उघडायचं नाही, हातही लावायचा नाही. जमलं नाही, तर शाळांतले संगणक फोडताना पहिला घाव तुझा!”

“न उघडता काय दाखवणार गं?” वज्रदत्त खिदळला.

“मी कशाला? तुम्हीच दाखवाल की, काका!” सगुणा राजाकडे वळली. “महाराज, हे यंत्र सगळ्यांचं ऐकतं म्हणतात. मग सगळा दरबार एकदम प्रश्न विचारू दे की!”

राजाने मान डोलावली. झालं! सेनापतींनी हरवलेल्या घोडीचा ठावठिकाणा विचारला, राणीसाहेबांनी पुरणाचं प्रमाण, राजज्योतिषांनी स्वतःचंच भविष्य. एकच कल्ला! पडद्यावर एक गोल चक्र उमटलं. फिरत राहिलं. फिरतच राहिलं.

“अहो प्रमुख, हे अडलं!” राजा ओरडला. “काहीतरी करा!”

वज्रदत्ताला घाम फुटला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हळूच मागचं बटण दाबून यंत्र बंद केलं.

“एक... दोन...” सगुणा मोजू लागली.

“तीन... चार...” राणीसाहेबांनी सूर धरला. बघता बघता अख्खा दरबार मोजायला लागला. “दहा!” सगळ्यांत मोठा आवाज महाराजांचा! वज्रदत्ताने निमूटपणे यंत्र चालू केलं.

सगुणाने हात जोडले. “महाराज, बंद करून दहापर्यंत मोजायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं?”

“आमच्या आजोबांनी! त्यांचा संगणक तर रोज...” राजा मध्येच थांबला. दरबारात खसखस पिकली.

“अगं, पण वेग बघ!” वज्रदत्त कळवळला. “रंग बघ!”

“घोडा कितीही पळवला, रंगवला, तरी त्याला पंख फुटत नाहीत, काका!”

“मग खरंच नवं आलं, हे ओळखायचं कसं?” राजाने विचारलं.

“सोपं आहे, महाराज. ज्या दिवशी यंत्र अडेल आणि काय करायचं ते आपल्यापैकी एकालाही सुचणार नाही, त्या दिवशी नवं आलं समजा! मला मात्र लगेच बोलवा. कधीची वाट बघतेय मी!”

राजा पोट धरधरून हसला. हसता हसताच त्याने फर्मान काढलं: शाळांचे संगणक शाळांतच राहतील, सगुणाला राजवाड्याच्या दाराशी दुकान मिळेल आणि यापुढे तिच्या सहीशिवाय राज्यात कुणीही ‘क्रांती’ची दवंडी पिटायची नाही!