वाटीत उरलेलं तेल

“...पण म्हणजे नेमकं कधी, अक्का? हात पायाच्या बोटांना लागायला साधारण किती दिवस धरून चालू?”

कृष्णाक्का शेंगा सोलत होत्या. त्या सोलत राहिल्या.

शाल्मलीला वाटलं, आपल्याला प्रश्न नीट मांडता आला नसावा. एम.एस्सी. झालेल्या बाईला साधा प्रश्न मांडता येऊ नये, हेही आलंच. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाळंतपणानंतर अंग कसं लाकडासारखं झालंय. खाली बसलं की उठताना सासूबाईंना कशी हाक मारावी लागते. कॉलेजात असताना आपण खो-खोच्या संघात होतो, हे सांगताना तिचा आवाज उगाच थोडा चढला. मग घरच्या घरी योगासनं सुरू केली, व्हिडिओ बघून. चांगली जाड मॅट आणली. आणि परवा पश्चिमोत्तानासन करताना...

“म्हणजे पाय लांब करून पुढे वाकायचं असतं, ते,” तिने समजावून सांगितलं.

निम्म्या मिरजेला तेच आसन शिकवलेल्या अक्कांनी मान डोलावली.

“हात पोचेनात. म्हणून ओढणी तळव्यांना अडकवली आणि ओढलं.”

“मग?”

“मांडीत कळ आली.”

“आणि ओढणी?”

“...ओढणी ठीक आहे.”

“मजबूत दिसते. कुठून घेतलीस?”

रडायचं नाही, हे शाल्मली घरून ठरवूनच निघाली होती.

“अक्का, हे मी याआधीही सुरू करून सोडलंय,” ती म्हणाली. “आता पुन्हा सुटलं तर मॅट माळ्यावर टाकणार. आणि आमच्या घरात माळ्यावर गेलेली वस्तू खाली येत नाही. रेवा आता रांगायला लागेल. तिच्यामागे मी जायचं, की तिनेच माझ्यासाठी थांबायचं?”

अक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

“सकाळी येते तुझ्याकडे.”

“कितीला येता? म्हणजे मी तयारीत राहते.”

“तयारीत राहू नकोस.”

शाल्मली अर्थातच तयारीत होती. फरशी पुसलेली, मॅट अंथरलेली, ओढणी कपाटात सगळ्यात खाली दडवलेली. तयारीत नव्हती ती रेवा. अक्का दारात आल्या आणि रेवाने भोकाड पसरलं. तिची मालिशीची वेळ झाली होती.

“आधी हिचं उरक,” म्हणत अक्का खुशाल मॅटवर जाऊन भिंतीला टेकून बसल्या.

“पण तुमचा वेळ...”

“माझा वेळ मी घेऊन आलेय.”

शाल्मलीने पाट मांडला. कोमट तेलाची वाटी जवळ ओढली. पाय लांब केले आणि आईने शिकवलं होतं तसं रेवाला पायांवर उताणं घेतलं. डोकं आपल्या घोट्यांकडे, पाय आपल्याकडे.

तेल लागलं तशी रेवा शांत झाली. छाती झाली, हात झाले. मग उजवा हात डाव्या पायाकडे न्यायचा व्यायाम आला. आणि रेवाने डावा पाय ताठ केला. लाटण्यासारखा.

शाल्मली थांबली. तिच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवून बसून राहिली.

“बरं बाई, नाही तर नाही. आमचं काही अडलेलं नाही,” ती रेवाला म्हणाली, आणि काहीतरी बेसूर गुणगुणू लागली.

रेवाने थोडा वेळ आईकडे टक लावून पाहिलं. मग पाय आपोआप सैल पडला. गुडघा वाकला, चिमुकली टाच वर आली, हाताला लागली.

“ओढला का नाहीस?” अक्कांनी विचारलं.

“ओढायचा कसा? दुखेल ना तिला.”

“हं...”

शेवटी राहिली टाळू. टाळूवर तेल थापायला शाल्मली पुढे वाकली, तशी तिची बट रेवाच्या नाकावर आली. रेवा खुदकन हसली. ते हसू पुन्हा ऐकायला शाल्मली आणखी वाकली. मग आणखी थोडी.

“तशीच राहा,” अक्का म्हणाल्या.

“का? काय झालं?”

“हात बघ तुझे.”

शाल्मलीने पाहिलं. रेवाचं तेलकट डोकं. त्याच्या पलीकडे बारशाच्या वेळी लावलेलं, आता अर्धंमुर्धं उरलेलं नेलपॉलिश. तिच्या स्वतःच्या पायांची बोटं. आणि ती बोटं तिच्याच हातांच्या मुठीत होती.

कधीपासून, कोण जाणे...

तिने घाईघाईने रेवाला पंच्यात गुंडाळून अक्कांच्या मांडीवर दिलं. पुन्हा पाय लांब केले, पाठ ताठ केली, दात आवळले आणि वाकली.

हात नडगीच्या मध्यावर अडले. तिने आणखी जोर लावला. मांडीत तीच ओळखीची कळ आली.

“आत्ता लागले होते,” ती म्हणाली. “तुम्ही पाहिलंत ना?”

“पाहिलं.”

“मग आता काय झालं?”

अक्कांच्या मांडीवर रेवा पंच्यातून एक पाय बाहेर काढून त्याचा अंगठा चोखत होती. या विषयात तिला काही अडचण दिसत नव्हती.

शाल्मलीने मॅटकडे पाहिलं. मग वर माळ्याकडे.

“अक्का, खरं सांगा. मला जमण्यातलं आहे का हे? नसेल तर आजच टाकते वर.”

अक्कांनी हात लांब करून वाटी तिच्याकडे सरकवली.

“तेल उरलंय,” त्या म्हणाल्या. “आता हिच्या आईला घे. तिलाही ओढू नकोस.”