पाच तारे आणि आठ फूट पाणी

"...आणि त्या तपासणीवाल्या लोकांनी पाण्यात हात घालून बघितला का?" माईंनी विचारलं.

शिरीष हसला.

"हात कशाला घालतील, माई? पोहायचा तलाव किती लांब, किती खोल, पाणी गाळायचं यंत्र आहे का, काठावर जीवरक्षक आहे का... सगळं तपासलं त्यांनी. उगाच नाही देत कुणी पाच तारे."

केशरमाई खाडीच्या मुखावरच्या टेकडीवर, मठात राहत. सत्तरी ओलांडलेली. शिरीष नगरकर त्यांचा शिष्य. टेकडीच्या पायथ्याशी त्यानं मोठं रिसॉर्ट बांधलं होतं. दर गुरुवारी तो टेकडी चढून माईंच्या पायाशी बसायचा. रिसॉर्टला पाच तारे मिळाले आणि तो गुरुवार चुकला. आज त्यानं माईंना आणायला गाडी पाठवली होती. फाटकावर संगमरवरी पाटी बसवली होती, तिच्यावरचं पिवळं कापड माईंच्या हातून दूर व्हायचं होतं. गुरूला खाली बोलावून घेणारा शिष्य, त्यातच काय ते आलं.

रिसॉर्टमधून चालता चालता तो सांगत राहिला. गादी किती जाड, लिफ्ट किती मोठी, कॉफी कुठल्याही वेळेला, स्वागताला बसलेली मुलगी तीन भाषा बोलणारी. न्हाणीघरातसुद्धा फोन होता. तो कशाला, हे माईंना कळलं नाही, पण त्यांनी विचारलं नाही. शिरीष म्हणाला, आता लोक फोनवर काही विचारतसुद्धा नाहीत. पाच तारे म्हटलं की खोली घेतात आणि येतात. दिवाळीच्या सुट्टीत एक खोली रिकामी नाही.

"म्हणजे तुझ्या भरवशावर येतात."

"ताऱ्यांच्या भरवशावर, माई. ताऱ्यांत सगळं आलं."

"सगळं?"

"सगळं."

हे त्यानं जरा तोडूनच म्हटलं. म्हातारी उगाच खुसपट काढते आहे, असं त्याला वाटायला लागलं होतं.

ते तलावापाशी आले. सोलापूरहून आलेलं एक कुटुंब पलीकडच्या, उथळ टोकाच्या काठावर थांबलं होतं. बाप रबरी ट्यूबमध्ये हवा भरत होता आणि दोन पोरं त्याच्याभोवती नाचत होती. तलाव उघडायला थोडाच वेळ उरला होता. उंच खुर्चीवर लाल बनियनमधला एक रुंद खांद्यांचा तरुण बसला होता.

"हा कोण?"

"बालाजी. आमचा जीवरक्षक."

माईंनी बालाजीकडे बघितलं. बालाजीनं मान खाली घातली.

माईंनी वहाणा काढल्या. खांद्यावरची शाल घडी करून बाजूला ठेवली आणि त्या तलावाच्या खोल टोकाला गेल्या. शिरीषला वाटलं, पाण्याला हात जोडतील, चार थेंब शिंपडतील.

माईंनी काठावरून पाऊल पुढे टाकलं... आणि त्या दिसेनाशा झाल्या.

बालाजीनं शिट्टी फुंकली. पुन्हा फुंकली. तो खुर्चीवर उभा राहिला, पण खाली उतरला नाही.

"उडी मार!" शिरीष ओरडला.

"मला पव्हायला येत न्हाई, मालक."

पोहता शिरीषलाही येत नव्हतं. पण ते त्या क्षणी त्याला आठवलंच नाही. माई खाली होत्या. तो बुटांसकट पाण्यात पडला. माणूस गर्विष्ठ खरा, पण हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

पायाला जमीन लागेना. नाकातोंडात पाणी गेलं. डोळ्यांसमोर त्यानं स्वतः निवडलेल्या निळ्या फरशा होत्या आणि वरचा उजेड लांब लांब जात होता. आपण मरतो आहोत, हे त्याला स्वच्छ कळलं. इतकी भीती त्याला जन्मात वाटली नव्हती.

मग कुणीतरी त्याची कॉलर धरली.

माईंच्या एका हातात तलावाची लोखंडी शिडी होती आणि दुसऱ्या हातात तो. खाडीत होडी वल्हवणाऱ्यांच्या घरात जन्मलेली बाई. आठ फूट पाण्याचं तिला काय.

काठावर पडून शिरीष बराच वेळ खोकत राहिला. मग त्याला राग आला.

"मी मेलो असतो, माई."

माई पदर पिळत होत्या.

त्यानं बालाजीकडे मोर्चा वळवला. बालाजी लातूरकडचा, वेटर म्हणून आलेला. तपासणीच्या दिवशी शरीरयष्टी बघून मॅनेजरनं त्याच्या अंगात लाल बनियन घातलं होतं. तपासणीवाल्यांनी नाव विचारलं, बनियन बघितलं आणि पुढे गेले. पोहता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. नंतर इतक्या दिवसांत शिरीषनंही विचारलं नव्हतं.

"आमच्याकडं पव्हायला पाणी असतंय कुठं?" बालाजी हळूच म्हणाला.

शिरीष उठून बसला. माईंच्या जवळ सरकला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"पाटी आज उघडायची आहे, माई. तलाव बंद म्हटलं की लोक विचारणार, का. ते वरपर्यंत जाणार... तारा जाईल. लोक परत फिरतील."

माईंनी पिळलेला पदर झटकला.

"दुसरा माणूस मिळेपर्यंत... दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."



तेवढ्यात सोलापूरचा बाप बिचकत जवळ आला. धाकटी पोर त्याच्या बोटाला होती. तिच्या कमरेला ट्यूब होती आणि नजर पाण्यावर.

"ओ साहेब, आजींना लागलं नाही ना ओ? बरं झालं... पोरं कधीपासून मागं लागलीत. फाइव्ह स्टार आहे म्हणूनच आलोय आम्ही, म्हटलं काळजी नको. सोडू का यांना पाण्यात?"

पलीकडे फाटकावरचं पिवळं कापड वाऱ्यानं हलत होतं. शिरीषनं माईंकडे बघितलं.

माईंनी त्या पोरीच्या डोक्यावरून ओला हात फिरवला.

"तू आत्ता खाली होतास, शिरीष," त्या म्हणाल्या. "तिथून किती तारे दिसले, ते सांग यांना."