लहानू वडील झाला

नथनेलमहाराज त्या वर्षी निंबळवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत मुक्कामाला होते. ते येशूचे कीर्तन करीत, म्हणून लोक त्यांना महाराजच म्हणत. गावात पटकीची साथ शिरली होती. आठ दिवसांत अकरा माणसे मातीआड झाली. मंडळीचा कारभार पाहणारे वडील, म्हातारे थोमाजी, त्यांतच गेले. शेजारच्या गावांतूनही महाराजांना बोलावणी येत होती. निघण्यापूर्वी नवा वडील नेमणे भाग होते.

सारे देवळात जमले, तेव्हा शाळेचे शमुवेल मास्तर धुतलेले उपरणे घेऊन पहिल्या ओळीत बसले. त्यांना अख्खे शास्त्र तोंडपाठ! महाराज मात्र पार मागे दाराशी गेले आणि त्यांनी लहानू गुराख्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

लहानूने हात जोडले. "म्हाराज, मला अक्षर येत न्हाई."

"मोशेलाही नीट बोलता येत नव्हते," महाराज म्हणाले. "त्याला एकट्याला ओझे पेलवेना, तेव्हा देवाने त्याच्यावरच्या आत्म्यातला वाटा सत्तर वडिलांवर ठेवला. हा अधिकार माझा नाही रे, तुझाही नाही. ज्याची मंडळी, त्याने सोपवलेला आहे."

मास्तर फिदीफिदी हसले. "लहानू वडील झाला! मग आम्ही काय तान्ही बाळं?" लोकही हसले. काय म्हणावे, भाविकहो! घरोघरी मढी, आणि यांना नावावर कोटी सुचते.

जाताना महाराज बजावून गेले, "ओढ्याचे पाणी कुणी पिऊ नका, देवळामागच्या विहिरीचेच प्या." लहानू दारोदार तेच सांगत फिरला. मास्तरांनी त्याच्यादेखत ओढ्यावरून घागर भरून आणवली. "जा, गुरं वळ," ते म्हणाले. दोन दिवसांनी त्यांची बायको रिबकाबाई गेली. तिला पुरून येतात तोच लेक मार्थाला उलट्या सुरू झाल्या.

आणि त्याच दुपारी विहीर आटली.

"आता ओढ्याशिवाय काय?" लोक कुरकुरू लागले. ते ओढ्यावर गेले तर वाडी उरणार नाही, हे लहानूला दिसत होते, पण त्याचे ऐकतो कोण? तो दोर धरून विहिरीत उतरला. तळाशी नुसता चिखल. त्याला रडूच कोसळले.

"देवा, मी कोन हाय? पर तू ज्यांना धाडलं, त्यांनी माझ्या डोईवर हात ठिवलाय. तुझा सबूद तू राख." त्याने खडकाला तळहात लावला. किती तरी वेळ काहीच झाले नाही. वर कुणीतरी घागर उचलून ओढ्याकडे निघालेसुद्धा. मग हाताखाली ओल लागली. बघता बघता पाणी गुडघ्याला आले. धन्य ती प्रभूची करणी!

काठावर रिकामा तांब्या घेऊन मास्तर उभे होते. "वडील," त्यांच्या तोंडून कसेबसे निघाले, "माझी मार्था..."

लहानू तांब्या भरून ओल्या कपड्यांनीच मास्तरांच्या घरी धावला. घोट घोट पाणी पाजत तो पोरीच्या उशाशी बसला. दिवस मावळता मावळता मार्थाने डोळे उघडले.

मास्तरांनी त्याच्या चिखलाच्या पायांवर डोके ठेवले. "हिच्या आईला मी मारलं रे!"

ते खोटे आहे असे लहानूला म्हणता येईना. त्याने मास्तरांना धरून उठवले. "माझ्या पायाशी काय हाय, मास्तर? ओढ्यापल्याडच्या चार घरात उठून पानी घ्यायला मानूस उरला न्हाई. ती घरं आजपासनं तुमची."

मास्तरांनी विहिरीवर घागर भरली, खांद्यावर घेतली आणि ते पल्याडच्या घरांकडे चालू लागले.