पाच स्टारचा खुराक

कोल्हापुरात हिंदुराव खराड्यांची तालीमही होती आणि फ्रिजचं दुकानही. पैलवान असो की गिऱ्हाईक, वस्तादांना उलटं बोललेलं खपत नसे.

एकदा त्यांच्या तालमीत वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या मालनकाकी दुकानात आल्या. एकटीपुरता म्हणून त्यांनी तीन स्टारचा छोटा फ्रिज पसंत केला.

"काकी, हा पाच स्टारचा न्या," म्हणत हिंदुरावांनी कपाटाएवढ्या फ्रिजवर थाप मारली. "पाच स्टार म्हणजे सगळ्यात कमी वीज! तुमचा तीनवाला ह्याच्याहून कमी खातो असं दाखवा, भर दुकानात मिशी उतरवतो!"

गिऱ्हाइकं माना डोलवू लागली. काकींनी मात्र दोन्ही लेबलं पार खालपर्यंत वाचली.

"वस्ताद, सत्तावन्न किलोत तिसरा आलेला आपला शिवा आणि सत्त्याण्णव किलोत पहिला आलेला तुकाराम. खुराक कुणाचा जास्त?"

"तुकारामचा! हे काय विचारणं झालं? दोघांचा गटच वेगळा!"

"स्टारसुद्धा ज्याच्या त्याच्या गटातच मिळतात. खुराक खाली छापलाय बघा. तुमच्या पहिलवानाला वर्षाला अडीचशे युनिट लागतात, माझ्या पोराला पावणेदोनशे."

हिंदुरावांनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले. हात आपोआप मिशीवर गेला.

"मिशी राहू द्या," काकी हसून म्हणाल्या. "फ्रिज तिसऱ्या मजल्यावर चढवायला तेवढं तुकारामला पाठवा. आणि घरून जेवून यायला सांगा त्याला."